भोकांची भाषा: जकार्डच्या पुठ्ठ्यापासून फोरट्रानच्या ७२ व्या रकान्यापर्यंत

उभाआडवा (धागाकर्ता)

‘जगातला पहिला संगणक म्हणजे जकार्डचा माग’ हा निरोप दर काही महिन्यांनी फिरत असतो. वाक्य ऐकायला झकास, पण चूक आहे. ती चूक नेमकी कुठे आहे हे शोधायला गेलं की मूळ वाक्यापेक्षा जास्त गंमत येते, म्हणून हा धागा. (धाग्यावरचा धागा हा विनोद मीच आधी करून टाकतो, म्हणजे प्रतिसादांत तो राहणार नाही.)

विणताना ताण्याचे काही उभे धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो. साध्या विणीत एकाआड एक धागे उचलले की भागतं. वेलबुट्टी काढायची तर प्रत्येक ओळीला उचलायचे धागे वेगळे. फ्रान्समधल्या लिऑनच्या रेशमी मागांवर हे काम शेजारी बसलेला पोऱ्या दोऱ्या ओढून करायचा. एक दोरी चुकली की ओळ चुकली.

जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास त्या पोऱ्याच्या जागी पुठ्ठ्यांची माळ बसवली. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोक असेल तिथला उभा धागा वर, नसेल तिथला खाली. नक्षी बदलायची तर मागाला हात लावायचा नाही, माळ बदलायची. हे प्रोग्रॅम करता येणारं यंत्र आहे, यात वाद नाही.

पण संगणक नाही. मागाला मोजता येत नाही, मागच्या ओळीत काय झालं हे आठवत नाही आणि ‘असं झालं तर तसं कर’ हे त्याला सांगायची सोयच नाही. पुठ्ठे पुढे सरकतात, संपले की पहिल्यापासून सुरू.

माझा मुद्दा पुढचा आहे. यानंतरची दीडशे वर्षं प्रोग्रॅम कसा लिहायचा हे गणिताने जितकं ठरवलं, तितकंच भोक कशात पाडायचं या प्रश्नाने ठरवलं. पुठ्ठा, फिल्म, कागदी फीत, कार्ड. प्रत्येकाचा ठसा त्या त्या काळच्या भाषेवर उमटलाय. जाणकारांनी भर घालावी, नाहीतर खोडून काढावं.

धोटेवाली

खोडत नाही, पण दोन दुरुस्त्या.

एक, भोकांची कल्पना जकार्डची नव्हे. लिऑनमधेच बाझील बुशाँने १७२५ मधे भोकं पाडलेला कागदाचा पट्टा वापरला. त्याचा सहकारी फाल्कन याने १७२८ मधे पट्ट्याऐवजी एकमेकांना बांधलेली कार्डं आणली, कारण पट्टा एका जागी फाटला की सगळाच जातो, कार्ड फाटलं तर एकच बदलावं लागतं. व्होकाँसोंने १७४५ च्या सुमारास यंत्रणा मागाच्या डोक्यावर नेली. जकार्डने या तिघांचं एकत्र आणून रोजच्या कामात टिकेल असं यंत्र केलं. हे काही कमी नाही, पण ‘शोध’ म्हणताना जपून.

दोन, ‘भोक असेल तिथला धागा वर’ हे परिणामाबद्दल बरोबर, पण भोक काही धागा उचलत नाही. प्रत्येक उभा हूक (धागा त्यालाच दोरीने जोडलेला) एका आडव्या सुईच्या डोळ्यातून गेलेला असतो. हुकाचं टोक पात्यावर अडकायला तयार असतं. चौकोनी सिलिंडर (नाव सिलिंडर, आकार चौकोनी ठोकळ्याचा) पुठ्ठा घेऊन सुयांवर येऊन टेकतो. भोक असेल तर सुई आत जाते, हूक जागचा हलत नाही, पात्यांची चौकट वर जाताना त्याला घेऊन जाते. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पात्यावरून सरकतो आणि खालीच राहतो. म्हणजे यंत्र मुळात ‘सगळे उचल’ असं आहे आणि पुठ्ठा सांगतो, ‘हे सोडून’. नंतर मागची स्प्रिंग सुईला जागेवर आणते आणि सिलिंडर पाव फेरा फिरून पुढचा पुठ्ठा समोर आणतो.

४०० च्या जकार्डमधे ८ ओळी आणि ५१ रकाने, म्हणजे ४०८ सुया असतात. नक्षीला ४०० वापरायच्या, उरलेल्या काठाच्या किनारीला. एका हुकाला चार दोऱ्या बांधल्या की तीच नक्षी कापडाच्या रुंदीत चारदा येते. पुठ्ठे किती लागतील याचा हिशोब सोपा आहे: इंचाला ६० आडवे धागे आणि नक्षीची लांबी ५ इंच असेल तर ३०० पुठ्ठे. जास्तीच्या रंगाचा बाणा घातला तर त्याचे वेगळे. जकार्डचं स्वतःचं रेशमात विणलेलं चित्र १८३९ मधलं आहे, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते.

प्रोग्रॅमवाल्यांना रस वाटेल ते म्हणजे चूक शोधणं, कारण कापडच सांगतं की चूक यंत्रात आहे की पुठ्ठ्यात.

चूक कापडाच्या लांबीत, एका उभ्या रेषेत सलग चालली असेल तर यंत्रात. धागा कधीच उचलला जात नसेल तर सुई वाकली आहे किंवा तिची स्प्रिंग मेली आहे. कायम उचललेलाच असेल तर हूक पात्याकडे वाकलाय, किंवा सुई मागे जातच नाही.

चूक एका ठिपक्याची असेल आणि नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच जागी येत असेल तर एका पुठ्ठ्यातलं एक भोक चुकलंय. जास्तीचं भोक कागद चिकटवून बुजवायचं, राहिलेलं हातपंचाने पाडायचं.

एक आख्खी आडवी ओळ बिघडून दर आवृत्तीला परत येत असेल तर पुठ्ठा उलटा शिवलाय किंवा क्रमाबाहेर गेलाय. म्हणूनच शिवण्याआधी प्रत्येक पुठ्ठ्यावर क्रमांक टाकतात.

आणि कुठेही, कसंही, कधीही चुकत असेल तर हवा दमट आहे. पुठ्ठा फुगतो, त्याची भोकं सिलिंडरच्या भोकांवर बसत नाहीत आणि टोकाच्या सुया आधी चुकायला लागतात. सिलिंडरवरच्या खुंट्यांची भोकं झिजून मोठी झाली तरी हेच होतं.

जाता जाता: पारंपरिक पैठणीचा मोर जकार्डवर होत नाही. तिथे रंगीत रेशमाच्या तिल्ल्या उभे धागे मोजून हाताने घालतात. येवल्यात जकार्ड लावलेले हातमागही चालतात, पण त्या दोन कामांची गल्लत नको. आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डमधून पुठ्ठा आता गेलाय, तिथे हुकांना विद्युतचुंबक धरतात. उभी चूक आणि आडवी चूक हा निदानाचा नियम मात्र तोच राहिलाय.

गोधडी

कमाल प्रतिसाद! एक भाबडा प्रश्न. भोक म्हणजे १, भोक नाही म्हणजे ०. मग हे बायनरीच झालं ना?

ताळेबंद

एका हुकापुरतं हो/नाही आहे, पण बायनरी संख्यापद्धती नव्हे. बायनरीत शेजारच्या अंकाची किंमत दुप्पट असते. मागाला शेजारच्या भोकाशी देणंघेणं नाही. पुढच्या पंचकार्डातही बहुतेक वेळा ते बायनरी नव्हतं, भोक कितव्या ओळीत आहे यावर अंक ठरायचा. त्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहीलच.

मी इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजचं लिहितो. त्याच्या ॲनालिटिकल एंजिनात, म्हणजे त्याने आखलेल्या हिशोबाच्या यंत्रात, क्रिया ठरवायला आधी खुंट्या लावलेले पिंप होते, संगीतपेटीत असतात तसे. १८३६ मधे त्याने प्रोग्रॅमसाठी जकार्डची कार्डं घेतली. पिंपं गेली नाहीत, ती आत खोलवर राहिली. एका गुणाकाराच्या पोटातल्या बारीकसारीक हालचालींचा क्रम पिंप सांभाळणार आणि कोणता गुणाकार करायचा हे कार्ड सांगणार. पिंपाची उंची वाढवता येत नाही, कार्डांची माळ हवी तेवढी लांबवता येते, हे त्यामागचं साधं कारण.

माळा वेगवेगळ्या होत्या. क्रिया-कार्डं सांगणार काय करायचं, चल-कार्डं सांगणार कोणत्या खांबावरचे (एक खांब म्हणजे आकड्यांच्या चाकांची उभी रांग, एक संख्या ठेवायला) आकडे घ्यायचे आणि उत्तर कुठे ठेवायचं, संख्या-कार्डांवर स्थिरांक. ‘गिरणी’त हिशोब, ‘कोठारा’त साठा. कोठारात ५० अंकी १००० संख्या ठेवायचा बेत होता. आणि उभाआडवा यांच्या कसोटीला उतरणारी गोष्ट म्हणजे, हिशोबातून आलेल्या निकालावरून कार्डांची माळ मागे फिरवायची सोय आराखड्यात होती. माग इथे मागे पडतो (शब्दखेळ नकळत झालाय, राहू दे).

यंत्र पुरं झालं नाही, पण त्यासाठी लिहिलेला तक्ता छापला गेला. या यंत्रावरच्या, इटालियन अभियंता मेनाब्रेआच्या १८४२ च्या फ्रेंच लेखाचं एडा लव्हलेसने १८४३ मधे भाषांतर केलं आणि मूळ लेखापेक्षा कितीतरी मोठ्या टिपा जोडल्या, ए ते जी. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या (गणितातली एक ठरलेली संख्यामालिका) काढायचा २५ क्रियांचा तक्ता आहे. १३ ते २३ या क्रिया पुन्हा पुन्हा करायच्या असं त्यात स्पष्ट दाखवलंय.

या तक्त्यात एक चूक आहे. दुसऱ्या क्रियेत चौथ्या खांबावर २न−१ येतं, तिसऱ्या क्रियेत पाचव्या खांबावर २न+१. चौथ्या क्रियेत चौथा भागिले पाचवा हवं, तिथे छापलंय पाचवा भागिले चौथा. शेजारच्या निकालाच्या रकान्यात मात्र (२न−१)/(२न+१) असं बरोबर उत्तर आहे. म्हणजे डोक्यात बरोबर, लिहिताना किंवा छापताना खांब उलटे. टिप्पणी बरोबर आणि कोड चूक, ही जात १८४३ पासूनची आहे.

शून्यानेभागा

‘एडा पहिली प्रोग्रॅमर’ हेही मग जरा तपासायला हवं ना? बॅबेजच्या वह्यांत १८३६-३७ मधले क्रियांचे तक्ते आहेत.

ताळेबंद

आहेत. ते नमुन्याच्या उदाहरणांसारखे, लहान आणि अप्रकाशित. छापून जगापुढे आलेला, आवर्तनासकट पुरा तक्ता टिप जीमधलाच. मला ‘पहिली’ या शब्दापेक्षा तिने टिप एमधे मांडलेली गोष्ट मोठी वाटते: या यंत्राची क्रिया संख्यांपुरती नाही, ज्या वस्तूंमधले संबंध नियमांत मांडता येतात त्या सगळ्यांवर ती चालेल. उदाहरण तिने संगीताचं दिलंय. हे बॅबेजने असं मांडलेलं नाही.

रकाना७३

पंचकार्डाचा भाग माझ्याकडे.

१८९० ची अमेरिकन जनगणना. ती मोजायला यंत्र बनवणाऱ्या हरमन हॉलरिथच्या कार्डावर २४ रकाने, १२ ओळी, गोल भोकं. कार्ड ठेवून दांडा दाबला की वरच्या स्प्रिंगवाल्या टाचण्या खाली यायच्या. भोक असेल तिथली टाचणी आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडायची, मंडल पूर्ण व्हायचं आणि मोजणीची तबकडी एका घराने पुढे सरकायची. सव्वासहा कोटींच्या वर माणसं अशी मोजली. हे मोजणीयंत्र आहे, कार्डावर आज्ञा नाहीत, माहिती आहे. जकार्डच्या अगदी उलट. भोक तेच, पण एकीकडे ते क्रियापद, दुसरीकडे नाम.

आपल्याला फोटोंमधून माहीत असलेलं कार्ड १९२८ मधलं, आयबीएमचं. ८० रकाने, आयताकृती भोकं. गोल भोकांची ४५ रकान्यांचीच कार्डं त्याआधी होती. भोक अरुंद केल्यामुळे त्याच मापाच्या कार्डात ८० बसले. माप ७⅜ बाय ३¼ इंच, जाडी ०.००७ इंच. २००० कार्डांचं खोकं म्हणजे १४ इंच लांबीचा गठ्ठा.

गोधडी यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रकान्यात वरून खाली १२, ११, ०, १ ते ९ अशा ओळी. अंकाला एक भोक: ७ हवा तर ७ व्या ओळीत. अक्षराला दोन: ए म्हणजे १२ आणि १, आय म्हणजे १२ आणि ९, जे म्हणजे ११ आणि १, आर म्हणजे ११ आणि ९. एस मात्र ० आणि २ पासून सुरू होतो, कारण २६ अक्षरं नऊ-नऊच्या तीन गटांत घालताना एक जागा उरते. ० आणि १ ही जोडी तिरप्या रेघेला गेली.

कामाची पद्धत अशी. प्रोग्रॅम आधी छापील रकान्यांच्या कागदावर लिहायचा. शून्य आणि ओ, एक आणि आय, दोन आणि झेड यांत गोंधळ नको म्हणून एकावर रेघ मारायची. कोणत्यावर मारायची हे ठिकाणाप्रमाणे बदलायचं, हीच एक मोठी भानगड. मग पंच करणारी व्यक्ती ०२६ किंवा ०२९ यंत्रावर कार्डं पाडणार. त्यानंतर दुसरी व्यक्ती तोच कागद समोर ठेवून तीच कार्डं पडताळणी-यंत्रावर पुन्हा टंकणार. तिथे भोक पडत नाही, जुळतं का एवढंच पाहिलं जातं. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच, नाही जुळलं तर चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर खाच. गठ्ठा हातात धरून उजवी कड बघितली की न पडताळलेलं कार्ड लगेच दिसतं. चुकलेलं भोक बुजवत नाहीत, कार्ड नवीन पाडतात.

गठ्ठा हातातून पडणं ही खरी आपत्ती. दोन उपाय. स्वस्त उपाय: गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर जाड पेनाने तिरपी रेघ मारून ठेवायची, क्रम बिघडला की रेघ तुटलेली दिसते. पक्का उपाय: ७३ ते ८० या रकान्यांत क्रमांक पाडायचे, तेही १०, २०, ३० असे, म्हणजे मधे कार्ड घालायला जागा राहते. पडलाच गठ्ठा तर तो क्रमवारी-यंत्रात घालायचा. ०८३ हे यंत्र मिनिटाला १००० कार्डं वाटायचं, पण एका वेळी एकाच रकान्यावर. म्हणून आधी रकाना ८०, मग ७९, मग ७८, असं एककाकडून डावीकडे यायचं आणि दर वेळी कप्प्यांतले गठ्ठे ० ते ९ याच क्रमाने उचलायचे. कोणी डावीकडून सुरुवात केली तर शेवटच्या फेरीत आधीचं सगळं विस्कटतं. पाच अंकी क्रमांक आणि २००० कार्डं असतील तर पाच फेऱ्या, नुसतं यंत्र १० मिनिटं चालणार.

दमट हवेचा शाप इथेही आहे. कार्ड वाकलं की वाचकात अडकतं.

उभाआडवा

‘एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम’ हे फार आवडलं. या दोघांची गाठ नक्की कुठे पडते?

मोकळीवाट

मधला टप्पा राहिलाय, तो फितींचा.

बर्लिनमधे कोनराड त्सुझच्या झेड३ (१९४१) या गणकयंत्राचा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर होता. आठ भोकांच्या जागा म्हणजे एक आज्ञा. २२ बिटांच्या ६४ संख्या रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या खटक्यांच्या) स्मृतीत. शर्तीवर उडी मारायची (क्रम सोडून दुसऱ्या आज्ञेकडे जायची) आज्ञा नाही. हार्वर्ड मार्क १ (१९४४) ची कागदी फीत २४ जागांची, आठ-आठचे तीन गट: कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, काय करायचं. आवर्तन हवं तर फितीची दोन टोकं चिकटवून कडं करायचं. आज आपण ‘लूप’ म्हणतो तो तिथे हातात धरता यायचा.

आज्ञा आणि माहिती एकाच कोठारात आल्या तेव्हा नाम आणि क्रियापद यांच्यातली भिंत पडली. याचं माझं आवडतं उदाहरण केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावरचं आहे. ६ मे १९४९ ला ते यंत्र चालू झालं. आज्ञा एका अक्षराच्या: ए म्हणजे मिळव, एस म्हणजे वजा कर. उपप्रोग्रॅममधून (मधेच बोलावता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) परत कुठे जायचं हे लक्षात ठेवायची त्यात काही सोय नव्हती. डेव्हिड व्हीलरने केलेली युक्ती अशी:

समजा आपण म या पत्त्यावर (स्मृतीतल्या जागेवर) आहोत. तिथली आज्ञा ‘ए म’, म्हणजे ‘म वर जे आहे ते मिळव’. म वर काय आहे? हीच आज्ञा. ती संख्या म्हणून संचायकात (बेरीज जिथे साठते त्या जागी) येते. ए या अक्षराचा आकडा २८, बायनरीत १११००, पहिलाच बिट १ म्हणून ती संख्या ऋण. पुढची आज्ञा जी, ‘ऋण असेल तर उडी मार’. उडी बसतेच. उपप्रोग्रॅमची पहिली आज्ञा पत्ता ३ वरचा स्थिरांक मिळवते. तो स्थिरांक ‘यू २’ या आज्ञेसारखा दिसतो. यू चा आकडा ७. २८ + ७ = ३५, पाच बिटांत ३२ गळून उरले ३. तीन म्हणजे ई, ‘ऋण नसेल तर उडी मार’. पत्ता झाला म + २. म्हणजे बेरजेतून ‘बोलावणाऱ्याच्या पुढच्या ओळीवर परत जा’ ही तयार आज्ञा निघाली! ती उपप्रोग्रॅमच्या शेवटच्या जागी लिहून ठेवायची, बस.

बिघडतं कुठे? उपप्रोग्रॅम संपताना संचायकात ऋण संख्या राहिली तर ई उडी मारत नाही आणि यंत्र पुढच्या जागेवर जे काही पडलं असेल ते आज्ञा समजून चालत सुटतं. आणि उपप्रोग्रॅमने स्वतःलाच बोलावलं तर परतीचा पत्ता पुसला जातो. फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत कितीतरी वर्षं स्वतःला बोलावण्याची मुभा नव्हती, त्याचं मूळ अशाच ‘पत्ता कोडातच किंवा एका ठरलेल्या जागी ठेव’ या सवयीत आहे.

गोधडी

२८ + ७ तीन वेळा कागदावर करून बघितलं. भन्नाट आहे हे.

रकाना७३

आता फोरट्रान. माझ्या नावाचा खुलासाही होईल.

आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकसच्या गटाने काम १९५४ मधे सुरू केलं, ऑक्टोबर १९५६ मधे माहितीपुस्तिका आली, एप्रिल १९५७ मधे भाषांतरक (कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत बदलणारा प्रोग्रॅम) ग्राहकांकडे गेला. ३२ प्रकारची विधानं होती. त्यांत ‘पॉज’ होतं, ‘अमुक खटका वर आहे का’ हे विचारणारा इफ (‘जर’चं विधान) होता आणि यंत्राच्या तबकडीवरचा दिवा लावायची आज्ञाही होती. वरच्या पातळीची भाषा म्हणतात, पण एक पाय यंत्रशाळेतच.

मांडणी: पहिल्या रकान्यात सी असेल तर शेरा. १ ते ५ विधानाचा क्रमांक. ६ व्यात शून्याखेरीज काही असेल तर मागच्या ओळीचं पुढे चालू. ७ ते ७२ विधान. ७३ ते ८० कडे भाषांतरक बघत नाही.

७२ का? ७०४ चा ‘शब्द’, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा तुकडा, ३६ बिटांचा. त्याचा कार्डवाचक कार्ड ओळीओळीने वाचायचा, रकान्या-रकान्याने नव्हे, आणि एक ओळ दोन शब्दांत घालायचा. दोन शब्द म्हणजे ७२ बिट. १२ ओळी गुणिले २, एका कार्डाचे २४ शब्द. उरलेले ८ रकाने वाचलेच जात नव्हते, म्हणून ते क्रमांकाला मोकळे सापडले. मी वर जी तजवीज म्हणून सांगितली ती मुळात यंत्राची मर्यादा आहे.

चलाचं (किंमत साठवणाऱ्या जागेचं) नाव सहा अक्षरांपर्यंत, कारण सहा बिटांची सहा अक्षरं एका शब्दात मावतात. ७०४ मधे निर्देशांकाची तीन रजिस्टरं, पहिल्या फोरट्रानच्या सारणीला (एका नावाखालच्या क्रमवार किमतींना) जास्तीत जास्त तीन मिती. ही रजिस्टरं पत्त्यातून वजा व्हायची, मिळवली जायची नाहीत, म्हणून सारणी स्मृतीत उलटी, मोठ्या पत्त्याकडून लहानाकडे ठेवली जायची.

इफ तीन फाट्यांचा: कंसातलं ऋण असेल तर पहिल्या क्रमांकावर, शून्य असेल तर दुसऱ्या, धन असेल तर तिसऱ्या. दशांश संख्यांच्या वजाबाकीवर हा लावला की मधला फाटा जवळजवळ कधीच लागत नाही, कारण दोन ‘समान’ संख्या शेवटच्या बिटात वेगळ्या निघतात.

शून्यानेभागा

आणि मोकळ्या जागांना अर्थ नसणं! (कोड देवनागरीत लिहितो, समजून घ्या.)

‘डू १० आय = १,१०’ म्हणजे क्रमांक १० पर्यंतची विधानं आय १ ते १० असताना कर. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं तर ‘डू १० आय = १.१०’. भाषांतरक मोकळ्या जागा गाळतो, उरतं ‘डू१०आय = १.१०’. डू१०आय हे वैध नाव आहे, डीने सुरू होतं म्हणून आपोआप दशांश चल. आवर्तन गायब, चूक दाखवली जात नाही, आतली विधानं एकदाच चालतात.

याच्या जोडीला ‘मरिनर १ यान याच टिंबामुळे पडलं’ असं सांगतात. ते खरं नाही. २२ जुलै १९६२ ला ते उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी मुद्दाम नष्ट करावं लागलं. मार्गदर्शनाची समीकरणं हाताने उतरवताना एका चिन्हावरची आडवी रेघ राहिली होती. ती रेघ म्हणजे ‘सरासरीने गुळगुळीत केलेली किंमत घ्या’. ती नसल्याने प्रोग्रॅमने वेगाचे कच्चे, थरथरते आकडे घेतले आणि नसलेल्या चुका सुधारायला लागला. त्यात अग्निबाणावरच्या उपकरणातही बिघाड होता.

मोकळीवाट

अजून दोन जुन्या फोरट्रानच्या खोड्या:

स्थिरांक बदलणं. उपप्रोग्रॅमला थेट १ दिला आणि त्याने आपल्या चलात २ मिळवले, तर कित्येक भाषांतरकांत स्मृतीतला ‘१’ च ३ होतो. त्यानंतर प्रोग्रॅममधे जिथे जिथे १ लिहिलंय तिथे ३ वापरला जातो. शोधायला महाकठीण, कारण कागदावर सगळं बरोबर दिसतं.

दुसरी, अक्षरं मोजून लिहायची पद्धत: ५एच आणि पुढे पाच अक्षरं. मोजणी एकाने कमी झाली की शेवटचं अक्षर विधानाचा भाग धरलं जातं, एकाने जास्त झाली की पुढचा स्वल्पविराम मजकुरात जातो आणि चूक भलत्याच जागी दाखवली जाते.

ताळेबंद

मुंबईचा धागा इथे जोडतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक १९६० मधे सुरू झाला, १९६२ मधे नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. ४० बिटांचे २०४८ शब्द फेराइट गाभ्याच्या स्मृतीत, सुमारे २७०० निर्वात नळ्या, आत जायला कागदी फीत. म्हणजे मोकळीवाट यांच्या फितीच्या घराण्यातला.

१९६४ मधे तिथेच सीडीसी ३६०० आलं. त्याचा शब्द ४८ बिटांचा, म्हणजे सहा बिटांची आठ अक्षरं. आठ अक्षरांच्या हिशोबाने लिहिलेला मजकूर ३६ बिटांच्या यंत्रावर ए८ (आठ अक्षरं वाचायचा फोरट्रानचा संकेत) ने वाचला की उजवीकडची सहा राहतात, डावीकडची दोन गळतात. ‘नागपूर’चं नुसतं ‘पूर’ झाल्यासारखं. यंत्र बदललं की प्रोग्रॅम चालतो पण नावं बिघडतात, याचं कारण बहुतेक वेळा शब्दाची लांबी.

काठपदर

सगळं वाचून एक प्रत्यक्षातला प्रश्न. जुना, रकान्यांच्या मांडणीतला कोड आज जीफोरट्रान या आजच्या भाषांतरकावर चढवला. भाषांतर बिनतक्रार होतं, पण एका सूत्राचं उत्तर थोडंसंच चुकतं. त्या ओळीच्या शेवटी ०.०१२५ हा गुणक आहे. भाषांतरकाचा दोष म्हणावा का?

रकाना७३

ती ओळ संपादकात उघडा आणि रकाने मोजा. फाइलच्या नावामागे डॉट एफ असेल तर जीफोरट्रान ती जुन्या मांडणीची धरतो आणि ७२ नंतरचं सोडून देतो. तुमचं ०.०१ पर्यंत ७२ व्या रकान्यात बसत असेल आणि २५ बाहेर जात असेल, तर गुणक ०.०१ झाला. विधान दोन्ही प्रकारे वैध, म्हणून तक्रार नाही. चलाचं नाव कापलं गेलं असतं तर आणखी वाईट, अर्ध्या नावाचा नवा चल आपोआप तयार होऊन त्यात कचरा आला असता.

उपाय: आधी ‘-वॉल’ लावून भाषांतर करा, कापलेल्या ओळींचा इशारा त्यात येतो. मग ‘-एफइम्प्लिसिट-नन’ लावा, जाहीर न केलेले चल पकडले जातील (टिंबवाला डू१०आय सुद्धा). ओळ तोडायची असेल तर ७२ च्या आत तोडून पुढच्या ओळीच्या सहाव्या रकान्यात शून्याखेरीज काहीही एक चिन्ह घाला. ‘-एफफिक्स्ड-लाइन-लेंग्थ-नन’ लावून मर्यादाच काढता येते, पण त्याआधी ७३ ते ८० मधे जुने क्रमांक नाहीत ना ते बघा. असतील तर ते विधानाला चिकटतील.

काठपदर

७१ आणि ७२ व्या रकान्यांत ० आणि १, ७३ व्यात २. ओळ तोडली, उत्तर जुळलं. मर्यादा काढली नाही, कारण खाली चाळीसेक ओळींवर खरंच क्रमांक आहेत, दहा-दहाच्या टप्प्याने.